एकच फरशी पोकळ

फरशी बसवणाऱ्या या मिस्त्रीला सगळे ‘टकटक’ म्हणत. बसवलेली फरशी बोटाच्या पेराने वाजवून बघायची आणि आवाज पोकळ आला की उखडायची, ही त्याची कामाची रीत. ती पुढे अंगातच मुरली. कलिंगड असो, कपाट असो की भाड्याच्या खोलीची भिंत, वाजवल्याशिवाय तो काही घेत नसे. बायको म्हणे, “लग्नाआधी माझं डोकं वाजवून बघितलं नाहीत, हेच माझं नशीब.”

परदेशातल्या नोकरीची बातमी मेव्हण्याने आणली. मेव्हणाही फरशीच्याच कामातला, त्याच्याच हाताखाली शिकलेला. पगार बरा होता, राहायची सोय होती, व्हिसा कंपनी काढणार होती. इथले ठेकेदार आठवड्यातले निम्मे दिवस घरी बसवत, त्यामुळे टकटकला ती नोकरी मनापासून हवी होती. त्याने करार मुलीकडून मोठ्याने वाचून घेतला आणि एका वाक्यावर तिला थांबवलं. व्हिसा त्या एका कंपनीपुरताच होता. नोकरी सोडली की व्हिसा गेला. दुसरीकडे काम धरायची मुभा नाही.

“म्हणजे मालक लबाड निघाला तर अडकलो की!”

“दाजी, तुम्हाला साखरेतसुद्धा खडे दिसतात,” मेव्हणा म्हणाला.

“असतात म्हणून दिसतात. तिथे गेल्यावर उखडता येणार नाही, बाबा. जे वाजवायचं ते इथेच.”

या नोकरीसाठी माणसं निवडणाऱ्या एजंटचं ऑफिस औषधाच्या दुकानावर होतं. एजंटने न मागता चहा मागवला, ते टकटकला खटकलं. तो जरा जास्तच हसत होता, तेही खटकलं. टेबल वाजवून पाहिलं, तर वरून सागवानी दिसणारं ते आतून भुशाचं होतं.

कामाची परीक्षा मागच्या गोदामात होती. प्रत्येकाला फरशी बसवायला भिंतीचा एकेक तुकडा दिलेला. कंपनीकडून आलेला परीक्षक म्हणजे बारीक अंगाचा म्हातारा, खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. ना ओळंबा लावून पाहिला, ना काही विचारलं.

‘याला फरशीतलं काय कळणार?’ टकटकच्या मनात आलं. ‘सगळं नाटक. सगळ्यांना पास करणार, तिकडे नेऊन ओझी उचलायला लावणार.’

मग त्याने एक डाव टाकला. सगळं काम आरशासारखं केलं, पण खालच्या ओळीतल्या एका फरशीला फक्त चार कोपऱ्यांना सिमेंटचा माल लावला आणि मधे हवा ठेवली. म्हाताऱ्याने ती पकडली तर नोकरी खरी. नाही पकडली, तर पासपोर्ट खिशात घालून घरी.

म्हातारा उठला. खिशातून नाणं काढून भिंतीवर वाजवत आला. वरची ओळ, मधली ओळ. मग गुडघ्यावर बसून खालची. एका जागी थांबला आणि तिथेच पुन्हा वाजवलं.

टकटकला हसू आवरेना. “सापडली!”

“काय सापडलं?”

“मुद्दामच पोकळ बसवली होती, साहेब. तुम्हाला कळतं का बघत होतो.”

म्हाताऱ्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “हात एक नंबर आहे तुमचा. चुकून राहिली म्हणाला असता तर घेतलं असतं. पण मुद्दाम पोकळ बसवणाऱ्याच्या मागे रोज नाणं घेऊन कोण फिरणार?”

“अहो, पण मी तर...”

“पुढचा.”

पुढचा मेव्हणा होता. त्याचे सांधे किंचित वाकडे होते, पण फरशी सगळी भरीव. तो पास झाला.

संध्याकाळी टकटक घरी आला आणि चपला काढून भिंतीला टेकून बसला.

“काय हो, खोटी निघाली ना माणसं?” बायकोने विचारलं.

“नाही. खरी आहेत.”

“मग?”

“मी नापास.”

दारात मेव्हणा घुटमळत होता. आत यावं की नाही, त्याला कळेना.

“दाजी, मी जाऊ ना?”

टकटकने गुडघा चोळला. “जा बिनधास्त,” तो म्हणाला. “वाजवून बघितलंय मी.”