सारडासाहेब

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत, बाय," असं म्हणून ते उजवा खांदा जरासा खाली पाडायचे. कुठेही चला म्हटलं की हे वाक्य ठरलेलं. आमच्या कॉलनीची सहल माथेरानला निघाली, तेव्हाही तेच आणि शेजारच्या गावच्या लग्नाला टेंपो निघाला, तेव्हाही तेच. खांदा खाली पाडायची सवय मात्र नंतरची. तिचं कारण पुढे येईलच.

मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या कॉलनीत ते माळी होते आणि मी त्याच कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर होते. बोर्डावर बसणाऱ्या बाईला लोक चौकस म्हणतात. मी चौकस आहेच, त्यात लाजण्यासारखं काय आहे? त्यामुळे हा माणूस कुठेच का जात नाही, हे मी पहिल्याच वर्षी काढून घेतलं.

ते मूळचे कडावचे. घरची भातशेती. लहानपणी लपाछपी खेळताना हे रिकाम्या कणगीत जाऊन लपले. आत पोर आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणीतरी भात साठवायच्या त्या कणगीवर झाकण ठेवलं, वर जड पाटा ठेवला आणि घरची सगळी माणसं लावणीला निघून गेली. "वरडून वरडून आवाज गेला गं," ते सांगत. तेव्हापासून दार बंद झालं की त्यांचा श्वास कोंडायचा. क्वार्टरचं दार त्यांनी कधी लावलं नाही. भर पावसातही नाही. एस.टी.त बसले तर कंडक्टरने घंटी मारायच्या आत खाली उतरायचे. कर्जतला जायचं तर सायकल.

बायको लवकर गेली. एकुलती मुलगी यांनीच वाढवली. वेणी घालण्यापासून पोळ्या लाटण्यापर्यंत सगळं केलं. मुलगी शिकून नर्स झाली आणि लग्न करून मद्रासला गेली. तिच्या लग्नालाही हे गेले नाहीत, तीच नवऱ्याला घेऊन कॉलनीत आली. कुंपणाजवळ उभं राहून दोघं पाया पडली.

आता सरड्याकडे येते. एकदा मेंदीचं कुंपण छाटताना यांच्या कात्रीत एका सरड्याच्या शेपटीचं टोक गेलं. हा साधा, मान हलवणारा सरडा नव्हे. पाऊल टाकायच्या आधी दहा वेळा विचार करणारा, डुलत डुलत चालणारा तो हिरवा घोयरा. जखम भरेपर्यंत यांनी त्याला हळद लावली, नाकतोडे भरवले आणि मग तो यांच्या उजव्या खांद्यावरून उतरायलाच तयार होईना. त्याला नीट बसता यावं म्हणून ते खांदा खाली पाडून चालायचे.

कॉलनीत गहजब झाला. बायका पोरांना आत ओढायला लागल्या. शेजारच्या काकूंनी तर पंचांग काढलं. पुरुषाच्या उजव्या खांद्यावर सरडा पडला तर शुभ, असं त्यात निघालं. "पण हा पडला कुठे? यांनी तर बसवलाय!" काकू म्हणाल्या. बसवलेल्या सरड्याचं फळ पंचांगात नव्हतं, म्हणून प्रकरण तिथेच मिटलं.

मी जवळ जाऊन पाहिला. तुम्ही असता तर तुम्हीही पाहिला असता. एक डोळा माझ्याकडे, तर दुसरा थेट मागच्या गेटाकडे. दोन्ही आपापले फिरत होते. "हा माझ्यासाठी दारावर नजर ठेवतो," ते गंभीरपणे म्हणाले. "मला मागं बगाया नको. दार लागलं तर ह्यो सांगंल."

मला हसू आलं होतं. पण पुढच्याच महिन्यात त्यांची दाढ सुजली आणि कंपनीच्या बंद जीपमधून त्यांना पनवेलला न्यायची वेळ आली. एरवी ते कॉलनीच्या गेटातच उडी मारून उतरले असते. त्या दिवशी खांद्यावर सरडा होता. पनवेल आलं, दाढ निघाली, जीप परत आली. ड्रायव्हर मला म्हणाला, "ताई, एकदा बी गाडी थांबव बोलले नाय." तेव्हापासून मी हसणं बंद केलं.

मग एके दिवशी बोर्डावर मद्रासचा ट्रंक कॉल आला. जावई बोलत होता. मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तेही परवावर आलं होतं. "ती म्हणते, बाबांना पाहिल्याशिवाय मी आत जाणार नाही. डॉक्टर थांबायला तयार नाहीत. विमानाचं तिकीट सांताक्रूझला ठेवलंय."

मी धावत बागेत गेले आणि सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. "इमानाला खिडकी उघडता येती का गं?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. ते कुंपणाकडे बघून म्हणाले, "मग ह्याला घ्यावा लागंल."

सांताक्रूझपर्यंत त्यांच्याबरोबर मी गेले. खांद्यावर उपरणं, उपरण्याखाली सरडा. विमानतळावर काउंटरवरची मुलगी मराठीच होती. तिने विचारलं, "आजोबा, एकटेच आहात का?"

"नाय. सरडा हाय संगती."

"सारडा? कुठे आहेत ते?"

"हितंच हाय की."

यांच्या मागे सफारी घातलेले एक जाडजूड शेठ उभे होते. मुलगी त्यांच्याकडे बघून गोड हसली. आता सारडा हे मारवाडी आडनाव तुम्हाला-मला ठाऊक आहे, यांना कुठून असणार? मी तोंडाला पदर लावला. तिने यादीत सारडांचं नाव लिहून घेतलं, पण शेठ दुसरेच कुणी निघाले आणि थोड्या वेळाने भोंग्यावर पुकारा सुरू झाला, "यात्री श्री सारडा, कृपया तुरंत काउंटर पर आइए." ते चकित होऊन मला म्हणाले, "बाय, ह्याला कशाला बोलवत्यात?"

पण पुढे हसण्यासारखं नव्हतं. झडती घेणाऱ्या हवालदाराचा हात उपरण्याखाली गेला आणि तो किंचाळलाच. "हे काय?"

"सारडासाहेब," हे निरागसपणे म्हणाले.

"हे इथंच ठेवायचं. मगच आत."

त्यांच्या तोंडावर घाम आला आणि ते सरळ माघारी वळले. मी कठड्यापलीकडून ओरडून हवालदाराला सगळं सांगितलं. कणगी, मुलगी, ऑपरेशन, सगळं एका श्वासात. लोक थांबून बघायला लागले. हवालदाराने मिशीवरून हात फिरवला. "चावतो का?"

"नाय."

"मला हत्यार शोधायला ठेवलंय. हे हत्यार नाय. जा बाबा, पोरीला भेट."

मद्रासला त्यांची मुलगी त्यांना बघूनच ऑपरेशनला आत गेली आणि सुखरूप बाहेरही आली. ते महिन्याने परतले तेव्हा मला सगळ्यात मोठी उत्सुकता एकाच गोष्टीची होती. विमानाचं दार लागलं तेव्हा काय झालं?

"मी उठनारच व्हतो गं. तर ह्यो खांद्यावर काळाठिक्कर पडलेला. घाबरला की काळा पडतोय ना. बोललो, आरं, तूच घाबरलास तर दाराकडं बगनार कोन? मग त्यालाच समजावत ऱ्हायलो. समजावता समजावता मद्रास आला."

तेव्हापासून कॉलनीभर सरड्याचं नाव सारडासाहेब पडलं. पंचांगवाल्या काकूसुद्धा त्यांची तब्येत विचारायच्या.

सरड्यांना आयुष्य ते किती! एका हिवाळ्यात तो मेंदीच्या फांदीला धरूनच गेला. यांनी त्याला कुंपणाच्या मुळाशी पुरलं. त्या दिवशी कात्रीचा आवाज आला नाही. मला फार वाईट वाटलं. सरड्यासाठी आपण रडू, असं कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर ते निवृत्त झाले. क्वार्टर सोडायची होती आणि मुलगी कायमचे या म्हणत होती. आता घाई कसलीच नव्हती. आगगाडीने खिडकीशी बसून गेले असते तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण ते म्हणाले, "इमानानंच जातो, बाय. बगतो एकदा."

मी पुन्हा सांताक्रूझला गेले. उपरणं तेच होतं. त्याखाली काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आत जायच्या दाराशी ते दोनदा थबकले. वाटलं, आता वळतील, मग वळतील. काउंटरवर या वेळी दुसरी मुलगी होती, पण तिचा प्रश्न तोच. "एकटेच आहात का, आजोबा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उजवा खांदा सावकाश खाली पाडला, कुणालातरी बसायला जागा करून द्यावी तसा.

"नाय," ते म्हणाले. "सारडासाहेब हायत संगती."

आणि चालायला लागले. झडतीच्या पलीकडे गेले, मागे एकदाही न बघता. मागे बघायचं काम त्यांचं नव्हतंच. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. कठड्याला धरून मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. वर भोंग्यावर बाई सारखी पुकारत होती, "यात्री श्री सारडा, यात्री श्री सारडा, विमान छूटने को तैयार है."