डिकीतला भास

डिकीमास्तरांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याची गरजही कधी पडली नाही. बत्तीस वर्षं ते मोटारी दुरुस्त करत होते. इंजिनाची कामं करणारे कारागीर पुष्कळ होते, पण "मागून काहीतरी वाजतंय" अशी तक्रार आली, की सगळे हात झटकून म्हणायचे, "मास्तरांकडे न्या."

मास्तर अंगानं काटकुळे. पाय पोटाशी घेऊन डिकीत शिरायचे, झाकण आतून दोरीनं ओढून धरायचे आणि गाडी चालू लागली की डोळे मिटून घ्यायचे. मोकळ्या हाताचा तळवा पत्र्यावरून फिरायचा. जिथं तळवा टेकल्यावर आवाज थांबतो, तिथं चोर. विद्या एवढीच, पण ती यायला गप्प पडून राहता यावं लागतं, आणि नेमकं तेच बहुतेकांना जमत नाही.

"दुसऱ्याच्या डिकीतली टाचणी ऐकू येते," डबा घेऊन आली की त्यांची बायको येईल त्याला सांगायची, "आणि घरात मी तीनदा हाक मारते, ती नाही."

"तू वाजत नाहीस, बोलतेस. वाजलीस की बघतो," असं म्हणून मास्तर डब्याचं झाकण काढायचे.

गॅरेजच्या दारावर त्यांनी रंगानं एकच ओळ लिहिली होती : ज्याची तक्रार, त्याला सोबत आणा. लोक ती वाचत आणि विसरत.

एक गृहस्थ असेच विसरून एकटे आले. कुठल्याशा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असावेत; गाडी आरशासारखी लखलखीत होती. मास्तर डिकीत शिरले, साहेबांनी दोन फेऱ्या मारल्या. आवाज नाही.

"आवाज येतो कुणाला?" मास्तरांनी विचारलं.

"आईला. मला कधीच आला नाही."

"मग आई कुठं आहेत?"

"घरी."

"वा! दुखतंय एकाला आणि दवाखान्यात दुसराच. उद्या त्यांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता म्हातारबाई साहेबांचा हात धरून आल्या. मास्तरांनी पुढं केलेल्या खुर्चीवर बसल्या, पिशवीतून एक किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही कसली, मावशी?"

"माझ्या घराची. सव्वा वर्ष सांगतेय, डिकीत काहीतरी वाजतं. दोन गॅरेजवाले बघून गेले, त्यांना काही सापडलं नाही. तेव्हापासून मी काहीही म्हटलं तरी भास! वरच्या मजल्यावर नळ वाहतोय म्हटलं, तर भास. दाराशी कुणी आलंय म्हटलं, तर भास. आता असं ठरलंय, की तुम्हालाही ऐकू आलं नाही तर ही किल्ली याच्या हातात द्यायची आणि याच्याकडे राहायला जायचं."

"आई, अगं, एकटी राहतेस. उद्या खरंच काही झालं तर?" साहेबांचा आवाज रागाचा नव्हता. माणूस घाबरलेला होता, हे मास्तरांनी ओळखलं.

त्यांनी किल्लीकडे एकदा पाहिलं आणि जाऊन डिकी उघडली. आत धुळीचा कणही नव्हता.

"डिकी नेहमी अशीच असते?"

"छे हो. तुमच्याकडे यायचं म्हणून काल सगळं काढून झाडून घेतली. दर वेळी काढतो. पसारा घेऊन कसं यायचं?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "साहेब, चोरी झाली की पोलीस यायच्या आधी तुम्ही खोली पुसून घेता का? जा, घरी जाऊन सगळं घेऊन या. मावशी बसतील इथं. आणि नीट लावू नका, जसं होतं तसंच भरा."

तासाभरानं सामान आलं : रजईत गुंडाळलेला मावशींचा चालायचा वॉकर, पाण्याचा डबा, छत्री.

"वॉकर वाजत असेल म्हणून मीच गुंडाळला," साहेब म्हणाले. "तरी हिचा आवाज थांबेना. मग मी काय समजू?"

मावशी मागच्या सीटवर त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या. उरलेल्या सांदीत मास्तरांनी वॉकरला खेटून स्वतःला कसंबसं कोंबलं. गाडी निघाली. सरळ रस्त्यावर सगळं शांत. गतिरोधकावरही शांत. मग उजवं वळण आलं, आणि मास्तरांना कुठूनतरी अगदी बारीक आवाज आला : टिक, टिक-टिक.

पुढच्या वळणावर त्यांनी वॉकरवर हात दाबला. टिक-टिक. डब्यावर दाबला. टिक-टिक. शेवटी तळाच्या फळीचा उजवा काठ दाबून धरला. आवाज बंद.

गॅरेजात परतल्यावर त्यांनी फळी उचलली. खाली स्टेपनी घट्ट होती, जॅक जागच्या जागी होता. चाकाच्या पान्याचा पट्टा मात्र तुटलेला. डिकी रिकामी असली की पाना फळीखाली दबून गुपचूप पडायचा. डावीकडे वॉकर ठेवला की फळी तिकडं दबायची, उजवा काठ बोटभर उचलायचा, आणि मोकळा झालेला पाना वळणावर जॅकला टिचक्या मारायचा. पुढं बसून रेडिओ लावणाऱ्याला तो ऐकू येण्याची सोय नव्हती.

"सापडलं?" साहेबांनी उतावीळपणे विचारलं. "मग बांधून टाका की."

मास्तरांनी पाना होता तसा ठेवला आणि फळी पुन्हा बसवली. "बांधतो. त्याआधी तुम्ही मागं बसा, मावशींच्या शेजारी. गाडी मी चालवतो."

"कशाला? तुम्ही म्हणताय ना आवाज आहे म्हणून!"

"मी म्हणून काय उपयोग? बसा."

तेच वळण आलं. साहेब मान तिरकी करून बसले होते. मावशी खिडकीबाहेर पाहत होत्या. टिक, टिक-टिक.

"आई," साहेब म्हणाले, "हा तर चांगला स्पष्ट येतो गं."

"हो का? तुलाही भास व्हायला लागले म्हणायचे."

मास्तर पुढं बघून हसले. गॅरेजात आल्यावर त्यांनी पान्याला लोकरी कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या, नवा पट्टा आवळला आणि फळीच्या डाव्या काठाखाली रबराचा ठोकळा बसवला. पंधरा मिनिटांचं काम. मग पुन्हा फेरी. साहेब पुढं, मावशी मागं. काम झालं असं मास्तर स्वतः कधीच म्हणत नसत. तक्रार ज्याची, पास करायचं त्यानंच.

फेरी संपल्यावर मावशी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "एक आवाज राहिलाय."

मास्तर पुन्हा डिकीकडे वळले. "कुठला?"

"हा स्टिअरिंगवर बोटं वाजवतो. लहानपणी ताटावर वाजवायचा, तस्सा."

"त्याचा पट्टा माझ्याकडे नाही, मावशी." मास्तरांनी टेबलावरची किल्ली उचलून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली, पिशवीत टाकली आणि चेन शेवटपर्यंत ओढली. साहेब ते पाहत होते.

गाडी निघाली. गल्लीच्या टोकाला डावीकडे मोठ्या रस्त्यावरच्या नव्या इमारती, साहेबांचं घर तिकडं. उजवीकडे जुन्या घरांची रांग, त्यातच मावशींचं. मास्तर हात पुसत दारात उभे राहिले. टोकाला गाडी थांबली, जरा जास्तच वेळ थांबली. मग उजवीकडचा दिवा लुकलुकला आणि ती उजवीकडे वळली.

मास्तरांनी डोळे मिटून कान दिला. वळणावर काही वाजलं नाही.