दुधातला चंद्र

गेल्या कोजागिरीला रत्नागिरीत सड्याच्या कातळमाळापलीकडून परातीएवढा चंद्र वर आला, तेव्हा मीच हाका मारून सगळ्या बिल्डिंगला गच्चीवर बोलावलं. आले, तर प्रत्येकाचा मोबाईल वर! फोटोत तो वाटाण्याएवढाच येतोय म्हटल्यावर माणसं चंद्रावरच वैतागली. मग निदान चेहरे तरी नीट यावेत म्हणून कुणीतरी गच्चीवरचा हॅलोजन लावला. अरे मेल्यांनो, चंद्र बघायला आलात ना?

दुधात चंद्र दिसल्याशिवाय ते प्यायचं नसतं, म्हणून मी पातेल्यात डोकावले. आत हॅलोजन लखलखत होता.

"बंद करा आधी तो दिवा!" मी खेकसले.

"थांबा हो काकू," पातेल्यावर मोबाईल धरून शेजारीण म्हणाली, "चंद्र काय मोठा आलाय बघा!"

आणि सगळ्यांनी भक्तिभावाने पेले पुढे केले.