बागेतला जुना पाळणा

पाटोद्याच्या बागेतला लोखंडी पाळणा एक मानूस हातानं फिरवायचा. नाव मी कधी इचारलं न्हाई, त्यानंबी माझं इचारलं न्हाई. रोज तेल देऊन पहिला फेरा तो रिकामाच फिरवायचा अन् मान वाकडी करून कुरकुर ऐकायचा.

मग बटनावर चालणारे नवे पाळणे आले. त्यांना फिरवायला मानूस लागत न्हाई. जुना कापायचा होता, त्या सकाळीबी त्यानं तेल दिलंच.

"कापायच्या पाळण्याला तेल कावून बे?" कापायला आलेल्यानं इचारलं.

"रोजचं हाय, बाबा."

गॅसकटर लागताच तेल पेटलं. कापणाऱ्यानं शिवी हासडली. हा मान वाकडी करून उभाच. पाळणा आडवा झाल्यावर म्हणला, "कुरकुरला न्हाई."

त्यानंतर तो दिसला न्हाई. कुनाला इचारावं, तर नाव ठावं न्हाई.