काळं मागून निघते

भोजराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. नागपूरच्या दवाखान्यातून वहिनी बोलत होत्या. "भाऊजी..." एवढंच म्हणाल्या आणि मला कळलं. त्याच्या आजारपणात फोन वाजला की मी आधी दोन रिंग जाऊ द्यायचो. मी मुळात भित्रा माणूस. जनावराला भितो, पाण्याला भितो, दवाखान्याच्या वासालासुद्धा भितो. आणि अर्धं आयुष्य गेलं ते जंगलात बिनधास्त घुसणाऱ्या या माणसामागे कॅमेऱ्याची पिशवी धरून. आता तो नाही, आणि कधी नव्हे एवढं भेव वाटून राहिलं आहे.

तो दवनीवाड्याचा. घरची धानाची शेती, आणि गोंदियात आम्हा दोघांचा फोटो स्टुडिओ. फोटो त्यानं काढायचे, ते कॉम्प्युटरवर मी उजळायचे, अशी वाटणी. भोजराज एकाच गोष्टीला भ्यायचा... पांढऱ्या रंगाला. डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हा त्यानं एक लग्न भर दुपारी काढलं. नवरदेवाचा आजा पांढरं पागोटं बांधून उन्हात उभा होता. फोटोत जादा उजेडानं पागोटं, कपाळ, गाल सगळं जळून एक कोरा डाग झाला. पुढं तो म्हातारा वारला आणि घरचे फोटो मागायला आले. त्यांच्याजवळ त्याचा दुसरा फोटोच नव्हता. मी पुष्कळ धडपडलो, पण जळालेल्या पांढऱ्यात काही उरतच नाही, काढणार काय? भोजराज त्यांच्यासमोर खाली मान घालून उभा होता. नंतर दोन घास जेवलाही नाही.

पुढच्या कॅमेऱ्यात पांढरं वाचवायची सेटिंग होती. ती त्यानं सुरू केली आणि जन्मात बंद केली नाही. त्या सेटिंगचा खाक्या असा, की कॅमेरा लागतो त्याहून कमीच उजेड आत घेतो, म्हणजे पांढरं जळत नाही. मग स्वतःच्या पडद्यावर अंधार जरा उचलून फोटो बरा करून दाखवतो. पण मूळ कच्च्या फाइलमध्ये, आम्ही जिला 'रॉ' म्हणतो तिच्यात, अंधार तसाच राहतो. माझ्या सॉफ्टवेअरला ही सेटिंग कळायची नाही, फाइल उघडली की कोळसा. तो उजळत बसायचं, तर सावलीत रेतीसारखे दाणे उठायचे.

"हे बंद काऊन नाही करत बे? घरातले फोटो बी काळे येऊन राहिले," मी करवादायचो.

"येऊ दे. पांढरं गेलं तं गेलं. काळं मागून निघते," तो म्हणायचा. "तू बसला आहेस ना काढाले."

एकदा नवेगाव बांधला तलावाच्या काठी त्यानं बगळा काढला. सकाळचं ऊन, पंखांचं पीस न् पीस शाबूत, मागची झाडी मात्र काळी ठिक्कर. परत आल्यावर मी ती झाडी उजळायला घेतली. दाण्यांतून आधी एक कान निघाला, मग ठिपके, मग डोळे. बिबट बसला होता, आणि बगळ्याकडे नाही, आमच्याकडे पाहत होता. तिथंच बसून आम्ही डबा खाल्ला होता. मी खुर्ची मागं सरकवली. भोजराज मात्र पडद्याजवळ वाकून बराच वेळ पाहत राहिला. "तो तं तवाही होताच," तो म्हणाला. "आता कायले भेऊन राहिला?" तेव्हापासून कुठलीही सावली उजळताना माझा हात अडतो, आजही.

मग त्याचं हृदय बिघडलं. डॉक्टरांनी फिरणं बंद केलं. नागपूरला न्यायच्या आदल्या सकाळी तो हट्टच धरून बसला, की शेतातल्या बोडीवर, त्या लहानशा तळ्यावर, जायचंच. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना दर चार पावलांवर थांबायचा. ओठ निळसर पडले होते. माझ्या मनात एकच चालू होतं. इथं पडला तर याला उचलणार कोण, वहिनींना काय सांगू... पण त्यानं माझ्याकडे पाहिलं की मी हसायचो, काहीबाही बोलायचो. भेव दिसू द्यायचं नाही एवढंच ठरवलं होतं. पलीकडच्या काठावर बगळा उतरला. "तू मोहाखाली बस, ऊन लागन तुले," तो म्हणाला. मोहाचं झाड पुढं, बगळ्याच्याच बाजूला होतं, मी त्याच्या सावलीत बसलो. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा मला वाटलं, आता हा बगळा पाहून राहिला. मग मी हसणं सोडलं, भेव चेहऱ्यावर येऊ दिलं.

तेरवी झाली. वहिनी विचारू लागल्या, "भाऊजी, शेवटचा फोटो कायचा काढला ह्यायनं? दाखवा ना." मी आज-उद्या करत राहिलो. कॅमेऱ्याचं कार्ड ड्रॉवरमध्ये पडून होतं. त्या अंधारातून काय निघेल याची धास्ती होती. हललेल्या फोटोत त्याचा कापरा हात दिसला तर? नुसतेच दाणे निघाले आणि वहिनींना द्यायला काहीच नसलं तर? शेवटी त्या स्वतःच स्टुडिओत आल्या आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. आता पळायला जागा नव्हती.

फाइल उघडली. नेहमीसारखा कोळसा, डाव्या कोपऱ्यात पांढरा, ठिपक्याएवढा बगळा. मी सावली हळूहळू उचलू लागलो. मोहाचं खोड आलं. मग दाण्यांतून एक माणूस निघाला, गुडघे पोटाशी घेतलेला, तोंड उघडं, डोळे फाटलेले. तो मी होतो. आणि मी सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होतो.

"बगळा तं पुसटच आहे," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "तुमालेच काढलं, भाऊजी."

मी फोटो मोठा करून पाहिला. फोकस माझ्या डोळ्यांवर होता. जे भेव त्याच्यापासून लपवलं म्हणून मी इतके दिवस समाधान मानत होतो, ते त्यानं नीट, सावकाश, हात न हलवता काढून घेतलं होतं. वहिनींनी त्याची एक प्रत नेली, एक माझ्यासाठी काढायला सांगितली.

कॅमेरा आता माझ्याकडे आहे. परवा एका बारशाचे फोटो काढले. फाइली उघडल्या, सगळ्या काळ्या. ती सेटिंग मी बंद केलेली नाही. बसतो आणि एकेक उजळत राहतो... हात अजून अडतो, पण उजळतो.