दादा बोलले ती संध्याकाळ

ड्रेस्डेनला मी पीएच.डी. करायला गेले, तेव्हा मला कुकर दिला तो वहिनींनी. मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ओळख झाली आणि पुढच्याच रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. त्यांचे यजमान, ज्यांना मी दादा म्हणायचे, कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होते. चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांची मुलगी दहा वर्षांची. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. मी नागपूरची, दलित वस्तीत वाढलेली, आणि हे मी कोणापासून लपवत नव्हते. दादा कुठले, कोण, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळायचं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये चौदा तारखेला मी इन्स्टिट्यूटमधून सुट्टी घेतली, खोलीत मेणबत्ती लावली, खीर केली आणि डबाभर वहिनींकडे नेऊन दिली. कशाची खीर, ते सांगितलं नाही. दादा मला ट्रामपर्यंत सोडायला आले. स्टॉपवर आम्ही दोघंच होतो.

"आमची आई पण आजच्या दिवशी खीर करायची," ते म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते पुढे म्हणाले, "तुझी वहिनीही आपल्यातलीच. पण तिच्या मैत्रिणींना माहीत नाही. पोरीलाही सांगितलेलं नाही. तू बोलू नकोस कुठे."

मी कबूल केलं, आणि दीड वर्ष तो शब्द पाळला.

मग विदर्भातल्या एका खेड्यातली बातमी आली. एका कुटुंबाला गावानं मिळून मारलं होतं. आपल्या लोकांचं कुटुंब. मराठी मंडळींच्या ई-मेल ग्रुपवर मी ती बातमी टाकली, तर तीन उत्तरं आली. एकानं लिहिलं, हा जमिनीचा वाद आहे, त्याला जातीचा रंग देऊ नका. दुसऱ्यानं लिहिलं, हा ग्रुप सणासुदीसाठी आहे. तिसरं उत्तर पुढच्या पिकनिकबद्दल होतं.

जवळच्या लाइपझिग शहरातले दोघं विद्यार्थी आणि मी, आम्ही शोकसभा घ्यायचं ठरवलं. युनिव्हर्सिटीजवळच्या एका चर्चनं त्यांचा हॉल दिला. जर्मन लोकांनाही बोलावलं. पण बोलणार कोण? आम्ही तिघंही पंचविशीच्या आतबाहेरचे. ज्यानं गावात हे सोसलंय असं माणूस मला हवं होतं. दादा खेड्यात वाढलेले, म्हणून मी त्यांच्याकडे गेले.

"नको," ते म्हणाले. "तुझी पीएच.डी. झाली की तू जाशील. मला इथे राहायचंय. पोरीची शाळा आहे इथे."

"दादा, तुम्ही गप्प बसलात तर कोण बोलणार?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "अहो, तुम्हाला नसेल जमत तर तसं सांगा तिला," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी जे बोलले, ते आजही तसंच्या तसं आठवतं. मी म्हणाले, "मग जे मेले ते तुमचे कोणीच नव्हते, असं समजायचं का आम्ही?"

दादांनी मान खाली घातली. वहिनी आत निघून गेल्या. मला वाटलं, मी जिंकले.

ते आले. वहिनींना त्या शनिवारी कामावर जावं लागलं होतं, म्हणून मुलीलाही घेऊन आले. बावीस-तेवीस माणसं होतो आम्ही. दादा जर्मनमध्ये बोलले, कारखान्यात बोलतात तसं, लहान लहान वाक्यांत. त्यांच्या वडिलांनी नवी सायकल घेतली होती. गावातल्या एका गल्लीतून ती हातात धरून चालत न्यायची, बसून नाही, असा दंडक होता. एकदा वडील उतरले नाहीत. लोकांनी त्यांना खाली ओढलं, मारलं आणि सायकल दगडांनी ठेचली. "मी नऊ वर्षांचा होतो," दादा म्हणाले. "वडील महिनाभर अंथरुणात होते. मी ओट्यावर बसून चाकाच्या तारा सरळ करत होतो. सगळ्या नाही झाल्या."

एवढंच बोलून ते खाली बसले.

मुलगी पहिल्या रांगेत होती. ती उठून त्यांच्यापाशी गेली आणि तिनं जर्मनमध्ये विचारलं, "बाबा, हे तुम्ही मला कधीच का नाही सांगितलं?" दादांनी तिला जवळ ओढलं. मला रडू आलं. आपण काहीतरी मोठं घडवलं, असंही वाटलं.

लाइपझिगच्या मुलानं सभेचे फोटो दादांच्या भाषणाच्या सारांशासह इंटरनेटवर टाकले. ते आमच्या मंडळींनी पाहिले. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट शब्द काढला नाही. दरवर्षी पाच-सहाजणी दिवाळीचा फराळ करायला वहिनींकडे जमायच्या. त्या वर्षी फोन आला की यंदा ज्याचं त्यानं घरीच करायचं ठरलंय. वहिनींनी एकटीनं चकल्या केल्या. नंतर कळलं, बाकीच्या दुसरीकडे जमल्या होत्या. मुलीला एका मराठी मैत्रिणीच्या वाढदिवसाला बोलावणं आलं नाही. त्या दोघी बालवाडीपासून एकत्र होत्या.

मी चिडून म्हणाले, "आपण त्यांना जाब विचारू."

"कशाचा?" वहिनी म्हणाल्या. "फराळाला का नाही बोलावलं म्हणून?" मग म्हणाल्या, "तू बरोबरच होतीस गं. पण माझ्याकडे आता कोणी येत नाही. तुझं तसं नाही. तुला तुझे सभावाले आहेत."

पुढच्या उन्हाळ्यात दादांनी हॅनोव्हरमध्ये नोकरी घेतली. सामान बांधायला मी गेले होते. दादा माझ्याशी नेहमीसारखेच वागले, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

दोन वर्षांनी एका परिषदेसाठी मी हॅनोव्हरला गेले. वहिनींनी जेवायला बोलावलं. मुलगी उंच झाली होती. ताटं मांडत असताना शेजारचं पुण्याचं जोडपं काहीतरी परत द्यायला आलं. वहिनींनी त्यांनाही आग्रहानं बसवलं. किती दिवसांनी त्यांच्या घरात असं हसणं-बोलणं ऐकत होते मी.

"तुम्ही कुठल्या?" त्या बाईंनी मला विचारलं.

"नागपूरची."

"अच्छा. आडनाव काय तुमचं?"

वहिनींचा वाढता हात थांबला. दादा पाण्याचा ग्लास हातात धरून बसले होते. माझं आडनाव ऐकून नागपूरकडच्या कोणालाही लगेच कळतं, आणि पुण्याच्यांनाही कळतं. मी माझं नुसतं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाले, "सगळे नावानंच हाक मारतात." मग भाजीचं कौतुक केलं. बाई दुसऱ्या विषयावर गेल्या.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं ताट उचललं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

निघताना मी तिच्या दारावर टकटक केली. तिनं दार उघडलं नाही. वहिनी म्हणाल्या, "राहू दे, वय आहे तिचं." दादा मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. वाटेत ते माझ्या प्रबंधाबद्दल विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. गाडी आल्यावर म्हणाले, "तू आज आमच्यासाठी केलंस, कळलं मला."

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले नाही. सुरुवातीला दिवाळीला फोन व्हायचा. मग तोही राहिला.