बुधवारचं मटण

"तुजला कसं कळलं? चव ओळखीची वाटली काय?"

राव असं म्हणाले आणि कँटीनमधली माणसं हसली. आधी जवळच्या टेबलावरची हसली, कारण त्यांना मराठी येत होतं. मग रावांनी तेच तमिळमध्ये सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून. "चेत्त आडु," म्हणाले. मेलेली शेळी. मग सगळं कँटीन हसलं. मी ॲल्युमिनियमचं ताट हातात धरून उभा. ताटात भात आणि दर बुधवारचं मटण.

मी एवढंच म्हणालो होतो की हे बकरं कापून मेलेलं नाही. मेल्यावर कापलंय.

एकोणीसशे साठच्या आगेमागेची गोष्ट. मद्रासबाहेर, आवडी नावाच्या गावी एका सरकारी कारखान्यात मी लेथवर होतो. पुण्याकडून बदलून आलेलो. क्वार्टर मिळालं होतं, पण दोन-चार घरं सोडली तर कानावर मराठी पडायची मारामार. राव कँटीन कमिटीचे सेक्रेटरी, मूळचे तंजावरकडचे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात. त्यांची मराठी जुन्या पोथीतली वाटायची आणि चाल तमिळ. पहिल्यांदा ऐकली तेव्हा खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आपलं माणूस भेटलं. त्या आपल्या माणसानं आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग आडनावाच्या मागचं सगळं. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे.

मला कसं कळलं? सांगतो. आमच्या गावात मेलेलं जनावर आमचं असायचं. कुणाचा बैल पडला की वस्तीवर सांगावा. आम्ही ओढायचं, आम्ही सोलायचं, आम्हीच खायचं. उरलेल्या मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. त्यांना चान्या म्हणायचे. पावसाळ्यात त्याच शिजायच्या. मेलेल्या जनावराचं रक्त आतच राहतं. मांस काळं पडतं. कितीही मसाला घाला, तो वास घास गिळल्यावर मागून येतो. हे मला कुणी शिकवलं नाही. भुकेनं शिकवलं.

मग एके दिवशी वस्तीनं शपथ घेतली. ओढायचं नाही, खायचं नाही. बापानं घरातली चान्या शिजवायची मडकी बाहेर नेऊन फोडली. गाव पेटलं. आम्हाला काम बंद, दुकान बंद. आई नुसता पाला शिजवायची आणि म्हणायची, खा, हा कुणाचा मेलेला नाही. त्या शपथेवर मी मोठा झालो. आणि इथं, सरकारच्या कारखान्यात, सरकारच्या ताटात मला तेच वाढलं. मटण म्हणून.

म्हणून तर बोललो. आणि म्हणूनच रावांनी तसं विचारल्यावर माझी वाचा बसली. हो म्हणावं तर सगळ्यांपुढं जात उघडी. नाही म्हणावं तर तक्रार खोटी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ताट ठेवलं आणि बाहेर आलो.

घरी बायको म्हणाली, "कशाला बोलायला गेलात? हात दाखवून अवलक्षण." ती काही चुकीचं बोलत नव्हती.

मटण यायचं कसं तेही सांगतो. बकरी लांबून मालगाडीच्या डब्यात कोंबून यायची. उन्हानं काही वाटेतच मरायची. शहराच्या हद्दीत म्युनिसिपालटीचा कत्तलखाना होता. तिथं डॉक्टर जनावर आधी जिवंत बघायचा, मग कापल्यावर बघायचा, मग मांडीवर शिक्का मारायचा. आम्ही हद्दीबाहेर. भेसळीचा कायदा झालाय असं पेपरात वाचलं होतं, पण तो काही आवडीला उतरला नव्हता. आमचा ठेकेदार कापलेलं मटण टोपलीत घालून, वर गोणपाट टाकून आणायचा. राव दारात उभे राहायचे. नाकाला रुमाल. मान हलवायची, झाली तपासणी. जन्मात त्यांनी मांस खाल्लं नव्हतं. त्या टोपलीकडं बघणंसुद्धा त्यांना विटाळाचं. अशा माणसाकडं मटण पास करायचं काम.

त्या दिवशी एक माणूस हसला नव्हता. मुनुसामी. माझ्या शेजारच्या लेथवर असायचा. काही दिवसांनी नळावर हात धुताना म्हणाला, "अण्णा, मलाही कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"राव तसं बोलल्यावर तू का गप्प बसलास?"

तो चेरीतला. म्हणजे त्यांच्याकडच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. त्याच्याही बापानं मेलेली गुरं ओढलेली. मग मी कँटीनमध्ये नीट बघायला लागलो. बुधवारी कोण मटण भाताखाली ढकलतो, कोण नुसता रस्सा घेतो. कळलेले कितीतरी होते आणि सगळे एकाच कारणानं गप्प होते. ठेकेदाराला हे ठाऊक होतं. त्याला काही लपवायची गरजच नव्हती, त्याच्यासाठी आम्ही लपवत होतो. आमच्या लाजेवर त्याचा धंदा चालला होता. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या लाजेचा.

पुढं अग्निनक्षत्राचे दिवस आले. मद्रासकडं ऐन उन्हाळ्याला असं म्हणतात. एका बुधवारी जेवणं झाली आणि दिवस कलायच्या आत कारखान्यातली माणसं ओकायला लागली. मुनुसामीला कारखान्याच्या लॉरीत घालून इस्पितळात नेला. वाचला. पण नंतर त्याला उभ्यानं काम झेपेना, त्याला हत्यारं देण्याच्या खिडकीवर बसवलं.

चौकशीला वरचा साहेब आला. कँटीनमध्येच सगळ्यांना बसवलं. राव म्हणाले, पाणी खराब असावं. साहेबानं विचारलं, "मटणाबद्दल कुणाला काही सांगायचं आहे?" कुणी बोलेना.

मी उठलो. मोडक्या तमिळमध्ये बोललो. "बकरं मेलेलं होतं. मी लहानपणी मेलेलं खाल्लंय. आमच्या गावानं खायला लावलं. म्हणून मला कळतं. माझी जात लिहून घ्यायची तर घ्या, पण मटणाचंही लिहा."

कुणी हसलं नाही. मागं बाक सरकल्याचा आवाज आला. फाउंड्रीतला एक जण उभा राहिला. म्हणाला, मीही खाल्लंय, मलाही कळलं होतं. मग आणखी एक उठला. मग बाक सरकतच राहिले.

ठेकेदार गेला. क्वार्टरमधल्या मराठी शेजाऱ्यांनी मुलांना आमच्या दारात खेळायला पाठवणं बंद केलं. बायको म्हणाली, "पाठवू नका म्हणावं. आमचं काही अडत नाही." पण ती संध्याकाळी दार लावून घ्यायला लागली.

नवा ठेकेदार आला. गोणपाट तेच. एके दिवशी रावांनी ऑफिसात बोलावलं. पहिल्यांदा खुर्ची दिली. कॉफी मागवली. म्हणाले, "तुजला कळतं. कमिटींत घेतों तुजला. दर बुधवारीं तूंच आधीं चाखून सांग."

त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. तेच वाईट होतं. मला मान दिला असंच त्यांना वाटत होतं. गावानं पडलेलं जनावर आमच्या वाट्याला दिलं होतं, आणि हे आता विषाचा पहिला घास माझ्या जिभेवर ठेवत होते. तोही खुर्चीत बसवून.

मी म्हणालो, "रावसाहेब, कुत्र्याला आधी तुकडा टाकून बघतात, तसं?"

"तसं नव्हे हो." त्यांनी मला पहिल्यांदा अहो-जाहो केलं.

"मग कसं? मी चाखणार नाही. जनावर आपल्या पायांनी चालत दारात येऊ द्या. डॉक्टर बघू दे. शिक्का मारू दे. तो शिक्का चुलीवर चढायच्या आधी सगळ्यांना दिसू दे."

"त्यास वरून मंजुरी पाहिजे. वर्षं लागतील."

लागली. अजून लागतायत. मी अर्ज केले, साहेब बदलले, अर्ज पुन्हा केले. सुट्टीच्या दिवशी लोकलनं मद्रासला जाऊन म्युनिसिपालटीच्या खिडकीपुढं उभा राहिलो. हद्दीबाहेरचं आमच्याकडं नाही, असं ऐकून परत आलो. दमलोय. पाठ दुखते, बोलून बोलून तोंड सुकतं. दर बुधवारी आम्ही काही जण कँटीनबाहेर झाडाखाली डबे उघडतो. मुनुसामी त्याचा ताकभात घेऊन येतो. आतून मटणाचा वास येतो आणि खोटं कशाला बोलू, भूक लागते.

राव अधूनमधून निरोप धाडतात, नुसतं चाखून तर जा.

जाणार नाही. ज्याला त्या टोपलीचा विटाळ होतो, त्यानं गोणपाट उचलावं. माझी जीभ कुणाच्या कामाला मिळणार नाही.